अरॉकेरिया उर्फ नर्सरीतलं 'ख्रिसमस ट्री': पुण्यातल्या गॅलरीसाठी घ्यावं का?

घ्या, नक्की घ्या, पण शेंडा बघून घ्या आणि ठेवायची जागा आधी ठरवून मगच नर्सरीत जा. एका वाक्यात माझा रिव्ह्यू एवढाच आहे. ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचा, कारण या झाडाबद्दल नर्सरीत कुणी नीट सांगत नाही आणि पाचशे रुपये काही फार मोठी रक्कम नसली तरी एवढं देखणं झाड घरी आणून वर्षभरात खालून खराट्यासारखं दिसायला लागलं की जीव हळहळतो, आणि तसं झालेलं मी इतक्या घरांत बघितलंय की शेवटी लिहायलाच बसले.

आधी झाड कुठलं ते सांगते. पुण्यात जवळपास सगळ्या नर्सऱ्यांत याला ख्रिसमस ट्री म्हणतात, थोडे जाणकार नर्सरीवाले अरॉकेरिया म्हणतात, बोर्डवर कधी नॉरफोक पाइन लिहिलेलं असतं. पाइन म्हणजे आपण ज्याला चीड म्हणतो त्याच्या घराण्यातलं हे नाही, अरॉकेरियाचं घराणं वेगळं आणि फार जुनं, डायनासोरांच्या काळातलं. मूळ गाव नॉरफोक बेट, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिकमध्ये जेमतेम ३५ चौरस किलोमीटरचं. १७७४ साली कॅप्टन जेम्स कुक तिथे उतरला आणि ही सरळसोट उंच खोडं बघून त्याला वाटलं की जहाजांच्या डोलकाठ्यांना याच्यासारखं लाकूड नाही. १७८८ मध्ये ब्रिटिशांनी बेटावर वसाहत केली त्यामागे ही आशासुद्धा होती, पण प्रत्यक्षात लाकूड डोलकाठीच्या कामाचं निघालं नाही. डोलकाठ्या राहिल्या बाजूला आणि झाड मात्र शोभेसाठी जगभर गेलं. त्या बेटाच्या झेंड्यावर आजही हेच झाड आहे, आणि जगभर कुंड्यांतून लाखांनी विकलं जात असलं तरी मूळ ठिकाणी निसर्गात ते धोक्यात असलेल्या झाडांच्या यादीत आहे. मला ही गोष्ट फार लागते, म्हणून तर ते डिसेंबरात आणून जानेवारीत कचऱ्याच्या गाडीत टाकलेलं बघवत नाही.

आता मुद्दा. या झाडाला फूल नाही की वास नाही, खायचं फळ नाही, पैसे देतो ते फक्त त्याच्या आकाराचे. मधे एक सरळ खोड, त्यातून ठराविक अंतरावर चार-पाच-सहा फांद्यांचा एक थर, सगळ्या आडव्या, सगळ्या सारख्या, मग थोडं मोकळं खोड, मग वर दुसरा थर, असं वर वर लहान होत जाणारं. कोवळी पानं मऊ, आत वळलेली, हात फिरवला तर अजिबात टोचत नाहीत. एवढी शिस्त दुसऱ्या कुठल्या कुंडीतल्या झाडात मी बघितलेली नाही. आणि हा आकार एकदा बिघडला की परत जमत नाही, हेच कुणी सांगत नाही. खालचा थर वाळून गळला तर कुंडीतल्या झाडाला त्या जागी नवीन थर येत नाही. शेंडा मोडला तर बाजूची फांदी वर वळून शेंड्याची जागा घेत नाही, ती आडवी ती आडवीच. खोडातून नवीन उभे फुटवे येऊ शकतात, कधी एक कधी तीन-चार, पण मग ते दोन डोक्यांचं नाहीतर झुडपासारखं काहीतरी होतं, ज्यासाठी आपण पैसे दिले ते राहत नाही.

म्हणून मोरपंखीशी याची तुलना करू नका. मोरपंखी, जुनिपर, गोल्डन सायप्रस ही सगळी कात्री चालवली तरी परत भरून येतात, माळी महिन्याला येऊन गोल करून जातो. अरॉकेरियाला कात्री लावायचीच नाही. आमच्या सोसायटीत माळीकाकांनी मोठ्या मायेने एका अरॉकेरियाचा शेंडा उडवला की "आता बाजूने भरगच्च होईल बघा", आणि बिचारं झाड तेव्हापासून त्याच उंचीवर हात पसरून उभं आहे. काकांचा दोष नाही, बाकी बहुतेक झाडांना हेच लागू पडतं, हे झाडच वेगळ्या नियमाचं आहे.

कलमाचंही तेच. कुणी म्हणेल एक फांदी दे, लावते. लावू शकता, मुळंही धरेल, पण ती फांदी वर्षानुवर्षं आडवीच वाढणार, तिचं सरळ झाड कधीच होत नाही कारण ती फांदी म्हणून जन्मली आणि तिच्या शेंड्याला तेवढंच येतं. उभं झाड हवं तर उभ्या शेंड्याचंच कलम लागतं नाहीतर बी. बीसुद्धा जास्त दिवस टिकत नाही, ताजं असतानाच पेरावं लागतं, त्यामुळे घरी रोप करायच्या भानगडीत पडू नका, तयार घ्या.

आता पुण्याच्या हवेबद्दल, इथे मी जास्त लिहिणार आहे कारण सगळा खेळ इथेच आहे.

युरोपात हे झाड नाजूक समजतात. दंव गोठलं, बर्फ पडलं की संपलं, म्हणून इंग्लंडसारख्या देशात सार्वजनिक बागांमध्ये याला काचघरात जागा मिळते. लंडनच्या क्यू गार्डनमधलं टेम्परेट हाउस, १८६३ मध्ये लोकांसाठी उघडलेलं लोखंड-काचेचं प्रचंड घर, मधे पाच वर्षं दुरुस्तीला बंद ठेवून २०१८ मध्ये परत उघडलं, ते अशाच कडक थंडी न सोसणाऱ्या पण फार उकाडाही नको असणाऱ्या झाडांसाठी बांधलेलं. आपल्याकडे बंगळूरच्या लालबागेत १८८९ चं काचघर आहे पण ते पुष्पप्रदर्शनाचं, तिथले अरॉकेरिया बाहेर उघड्यावर आकाशात गेलेले आहेत, त्यांना काचेची गरजच नाही. पुण्यातही नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ८-१० वर आला तरी दंव गोठत नाही आणि ही थंडी या झाडाला छान मानवते, उलट माझ्या अनुभवात त्या दिवसांत रंग सगळ्यात सुंदर हिरवा असतो.

आपला शत्रू थंडी नाही, एप्रिल आणि मे आहे. नॉरफोक बेटावर चारी बाजूंनी समुद्र, उन्हाळ्यात पारा पंचविशीच्या थोडा वर, तिशी सहसा गाठत नाही, हवा बाराही महिने दमट. आणि पुण्यात एप्रिल अखेरीस ४० आणि हवा अशी कोरडी की धुतलेली चादर अर्ध्या तासात वाळते. तर ज्याला युरोपात काचेच्या आत ठेवून जगवतात त्याला इकडे काचेपासूनच वाचवायला लागतं!

हे मी का म्हणतेय तर हल्ली बाणेर, वाकड, खराडी, सगळीकडे नवीन फ्लॅटमध्ये ताबा मिळाला की पहिलं काम म्हणजे गॅलरीला स्लायडिंग काचा लावून ती बंद करणे. धूळ येत नाही, कबुतरं येत नाहीत, सगळं मान्य. पण ती गॅलरी पश्चिमेला असेल तर मे महिन्यात दुपारी तीनला आत जाऊन बघा, उभं राहवत नाही. तेच काचघर आहे, फक्त बागेतल्या काचघराला वरून उघडणाऱ्या खिडक्या असतात, सावली करायची सोय असते, जमिनीवर पाणी मारून ओलावा ठेवणारी माणसं असतात, आणि आपण दार लावून ऑफिसला गेलेलो असतो. माझ्या नणंदेकडे वाकडला हेच झालं, झाड चांगलं तीन फुटी, सुंदर, मे मध्ये आठवडाभर गावाला गेले सगळे आणि काचा बंद, परत आले तर खालचे दोन थर तपकिरी. वरचं झाड जगलं, अजून आहे, पण ते दोन थर गेले ते गेलेच. काचा असतील तर एप्रिल ते पहिला पाऊस पडेपर्यंत झाड आत हॉलमध्ये खिडकीपाशी आणा किंवा काचा दिवसभर उघड्या ठेवा, दुसरा उपाय नाही.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे पूर्वेची उघडी गॅलरी, सकाळचं ऊन दहा-साडेदहापर्यंत आणि नंतर नुसता उजेड. आमची कोथरूडला तशी आहे, म्हणून मी नशीबवान. उत्तरेच्या गॅलरीतही चालतं पण वाढ हळू. गच्चीवर ठेवायचं असेल तर उन्हाळ्यात हिरवी नेट लावावीच लागेल, पन्नास टक्के ऊन अडवणारी. आणि घराच्या आत, टीव्हीच्या बाजूला, सोफ्याच्या कोपऱ्यात, जिथे इंटिरियरवाले फोटोसाठी ठेवतात तिथे नको. उजेड कमी पडला की हे लगेच मरत नाही, हीच फसवणूक आहे, महिनोन्महिने हिरवं दिसतं, मग नवीन थर लांब लांब अंतरावर येतात, फांद्या लुळ्या पडतात आणि खालून गळायला सुरुवात होते. तेव्हा लोक पाणी वाढवतात, मग मुळं कुजतात.

कुंडी फिरवायची हे विसरू नका. एका बाजूने उजेड असेल तर सगळं झाड तिकडे झुकतं, म्हणून दर आठवड्याला पाव फेरा. मी रविवारी सकाळी झाडांना पाणी घालताना फिरवते, लक्षात राहायला सोपं जातं.

आता खरेदी. पुण्यात नर्सऱ्या भरपूर, हडपसरच्या पुढे सोलापूर रोडला मांजरी, लोणी, उरुळीपर्यंत रांगच आहे, शिवाय नगर रोड, सिंहगड रोड. मी सोलापूर रोडच्या एका नर्सरीतून घेतलं, नाव लिहीत नाही कारण तिथे दुसऱ्या एका झाडाच्या बाबतीत माझं थोडं वाजलं होतं आणि उगाच कुणाचं नाव खराब करायचं नाही, पण अरॉकेरियाच्या बाबतीत त्या नर्सरीवाल्या काकांना मी पैकीच्या पैकी मार्क देते. मी एक उंच झाड उचललं तर म्हणाले, "ताई, ते नका घेऊ, उंची बघू नका, थर बघा." मग त्यांनी दोन झाडं शेजारी ठेवली. एक तीन फुटी पण थर चारच, मधे वीतभर मोकळं खोड. दुसरं दोन फुटी पण थर सहा, एकावर एक दाट. पहिलं सावलीत दाटीवाटीने ठेवून ओढून वाढलेलं, दुसरं उजेडात शांतपणे वाढलेलं. पैसे दोन्हीला सारखेच होते, ४५०. अर्थात दुसरं घेतलं. विकणाऱ्याने स्वतःहून हे सांगावं याचं मला फार कौतुक वाटलं, कारण उंच झाड खपवणं त्यांना सोपं होतं.

मी अजून काय बघते ते सांगते. शेंडा, सगळ्यात आधी शेंडा. एकच असला पाहिजे, सरळ, टोकाला कोवळा पोपटी रंग, काळा पडलेला नको आणि कापल्याची खूण नको. मग झाडाच्या वर उभं राहून खाली बघायचं, फांद्या सगळ्या बाजूंना सारख्या पसरल्यात का, एका बाजूला मोकळं भगदाड नाही ना. बरीचशी झाडं भिंतीला टेकवून ठेवलेली असतात, पुढून भरगच्च आणि मागून काही नाही, आणि विकणारा पुढचीच बाजू दाखवतो, त्यामुळे पिशवी हातात घेऊन पूर्ण फिरवा, लाजू नका. पिशवीच्या बुडातून जाड मुळं बाहेर येऊन जमिनीत शिरली असतील तर ते झाड नको, उचलताना ती तुटणार आणि या झाडाला मुळं दुखावलेली अजिबात चालत नाहीत. एका कुंडीत तीन-चार रोपं एकत्र लावून भरगच्च केलेलीही मिळतात, दिसायला पटकन छान दिसतं पण पुढे एकमेकांना दाबतात आणि आतल्या बाजूच्या फांद्या वाळतात, वेगळी करायला गेलं तर मुळं तुटतात. मला एकच खोड असलेलं आवडतं.

फांद्यांवर पांढरा कापूस दिसला तर ती मिलीबग नावाची कीड, ते झाड सोडून द्या. आणि एक, डिसेंबरमध्ये काही ठिकाणी पानांवर चंदेरी नाहीतर पांढरा स्प्रे मारलेली झाडं असतात, बर्फ पडल्यासारखी. कृपा करून ती घेऊ नका, पानांवर रंगाचा थर बसला की पानांना उजेड मिळत नाही नि ती गुदमरतात. मुलांना मजा वाटते हे मला समजतं, पण दिव्यांची हलकी एलईडी माळ लावा, कागदाचे तारे लावा, तेवढं ते आनंदाने पेलतं. जड घंटा, काचेचे गोळे टांगले की कोवळ्या फांद्या वाकतात.

ऑनलाइनचं मात्र माझं मत वाईट आहे. मी माझ्या बहिणीला भेट म्हणून एका साइटवरून मागवलं होतं, किंमत जवळपास दुप्पट, खोका आला तो उभ्याचा आडवा झालेला, आतमध्ये झाड जगलेलं पण शेंडा मोडून लोंबत होता. तक्रार केली तर म्हणे झाड हिरवं आहे ना, मग ते खराब धरत नाही, रिफंड नाही. त्यांच्या दृष्टीने झाड जिवंत म्हणजे माल बरोबर. अरॉकेरियात शेंडा मोडला म्हणजे मालच गेला हे त्या कस्टमर केअरच्या मुलीला मी समजावून सांगितलं, तिने शांतपणे ऐकून घेतलं, पण तिच्या हातात काही नव्हतं. पुण्यात राहून हे झाड ऑनलाइन घेऊ नका, स्वतः जा, आणि आणताना गाडीत पुढच्या सीटच्या पायापाशी उभं ठेवून आणा, टू-व्हीलरवर तर अजिबात नको, वाऱ्याने शेंडा हेलकावतो.

आता एक गंमत जी कळल्यापासून मी रस्त्याने मान वर करून चालते. पुण्यात नॉरफोक म्हणून जे विकतात त्यातलं बरंचसं खरं तर त्याचा भाऊ आहे, कुक पाइन, न्यू कॅलेडोनियाचा. लहान रोपात दोघं इतके सारखे की नर्सरीवाल्यालाही ओळखू येत नाहीत. मोठं झालं की कळतं, नॉरफोकचा घेर मोठा, मोकळा, त्रिकोणी, आणि कुक पाइन अरुंद, खांबासारखा उंच, साल पातळ पापुद्र्यांनी सुटणारी. आणि कुक पाइन तिरका वाढतो! २०१७ साली शास्त्रज्ञांनी जगभरचे कुक पाइन मोजले तर निघालं की ते विषुववृत्ताकडे झुकतात, सरासरी साडेआठ अंश, म्हणजे ऑस्ट्रेलियातले उत्तरेकडे आणि आपल्या बाजूचे दक्षिणेकडे. कॅम्पातल्या नाहीतर कोरेगाव पार्कातल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात असं उंच बारीक झाड दिसलं तर मोबाईलमधला कंपास काढून बघा कुठे झुकलंय. कुंडीत ठेवायला दोन्ही चांगले, काळजी सारखीच, त्यामुळे कुठलं आलं याची चिंता करू नका.

माती आणि पाण्याबद्दल जास्त नाही लिहीत. नर्सरीची लाल माती दोन-चार महिन्यांत विटेसारखी घट्ट होते हे खरं, पण म्हणून सगळी माती धुऊन मुळं उघडी करायची नाहीत, बाकी झाडांना चालतं, याला नाही. मुळांचा गोळा तसाच ठेवून फक्त कडेची सुटी माती हलकी करायची, आणि भोवती चांगला मोकळा मसाला भरायचा, माती, गांडूळखत, कोकोपीट आणि जाड वाळू, पाणी पटकन खाली गेलं पाहिजे एवढंच बघा. कुंडी एकच साइझ मोठी, जून-जुलैत बदला, पाऊस सुरू झाला की झाड लवकर सावरतं. पुढे दोन-तीन वर्षं परत हात लावायचा नाही. पाणी, बोट इंचभर आत घालून कोरडं लागलं की भरपूर, खालून निघेपर्यंत, आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका, पावसाळ्यात तर ताटली काढूनच ठेवा. ज्यांच्याकडे टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी आहे त्यांच्या मातीवर पांढरी पापुद्री धरते, त्यांनी पहिल्या चांगल्या पावसात कुंडी बाहेर ठेवून क्षार धुऊन काढावेत. उन्हाळ्यात संध्याकाळी पानांवर फवारा मारते मी, झाडापेक्षा त्याच्या आजूबाजूची जमीन आणि बाकीच्या कुंड्याही ओल्या केल्या तर जास्त उपयोग होतो, दहा कुंड्या एकत्र ठेवल्या की त्यांच्यात थोडी दमट हवा राहते. कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड येते, पानं फिकी धुरकट दिसायला लागतात, तेव्हा आधी साध्या पाण्याचा जोरात फवारा, मग संध्याकाळी निमतेल. खत हलकं, पावसाळ्यात महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात काही नाही.

हवा शुद्ध करतं म्हणून विकतात, त्यावर पैसे देऊ नका. एका कुंडीने खोलीच्या हवेत काही फरक पडत नाही, खिडकी उघडलीत तर जास्त पडेल. वास्तूचंही कुणी सांगेल, ते ज्याचं त्याने बघावं.

कुंडीतून काढून सोसायटीच्या आवारात लावू का, हे मला बरेच जण विचारतात. मूळ बेटावर हे झाड ५०-६० मीटर वाढतं, म्हणजे पंधरा-सोळा मजल्यांच्या वर. आपल्याकडे तेवढं होणार नाही पण चार-पाच मजली इमारतीच्या वर सहज जाईल. कंपाउंडच्या भिंतीपासून चार फुटांवर, विजेच्या तारांखाली नाहीतर ड्रेनेजच्या लाइनवर लावलं तर पुढे सगळ्यांनाच ताप, आणि मग ते तोडायचं म्हटलं तर महाराष्ट्रात १९७५ चा झाडं जतन करण्याचा कायदा आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि लागायलाच पाहिजे. ज्यांच्याकडे मोकळं मैदान आहे, फार्महाऊस आहे, मुळशी-पानशेतकडे जागा आहे, त्यांनी जरूर लावा, तिकडची हवाही दमट, झाड खूश होईल. समुद्राचं खारं वारं तर याला इतकं चालतं की ऑस्ट्रेलियात समुद्रकिनाऱ्यांवर याच्या रांगा लावल्यात, त्यामुळे कोकणात घर असेल तर मी म्हणेन पुण्यापेक्षा तिकडेच लावा. बाकीच्यांनी कुंडीतच ठेवा, कुंडीत ते हळू वाढतं, वर्षाला एखाद-दुसरा थर, आणि पाच-सहा फुटांपर्यंत सांभाळायला काहीच जड नाही.

ज्यांना घ्यायच्या आधी नीट बघायचंय, चार माणसांना विचारायचंय, त्यांनी जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनला जे पुष्पप्रदर्शन भरतं तिथे जावं. गर्दी असते, पार्किंगचे हाल होतात, पण बाग एवढी जुनी आणि झाडं एवढी मोठी आहेत की तिकिटाचे पैसे नुसतं वर बघण्यातच वसूल होतात, आणि स्टॉलवर बसलेल्या लोकांना झाडांचं खरंच कळत असतं, वेळ देऊन सांगतात.

भावाचा अंदाज, मी अलीकडे बघितलेला: फूटभराचं रोप २५०-३०० ला, दोन फुटी ४५०-६००, चार फुटाच्या वरचं दीड-दोन हजारांच्या पुढे. डिसेंबरच्या पंधरवड्यात हेच दर सरसकट वाढतात आणि झाडं घाईघाईने बाहेरून ट्रकमधून आलेली, हेलपाटलेली असतात, त्यामुळे सणासाठीच हवं असेल तरी ऑगस्टमध्येच आणून ठेवा. तेव्हा नर्सरीत गर्दी नसते, नवीन थर फुटलेले असतात त्यामुळे शेंडा चांगला की वाईट लगेच समजतं, आणि डिसेंबर येईपर्यंत झाड तुमच्या गॅलरीला रुळलेलं असतं. झाडाला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क मे महिन्याचा कापला. त्या नर्सरीवाल्या काकांना पाचपैकी पाच, आणि ऑनलाइनवाल्यांना एक, तोही खोक्यात माती सांडू दिली नाही म्हणून.